आईचे पाच अळणी दिवस

गेल्या आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये एक शेत शिरलं. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची जिया नवी चणियाचोळी घालून, हातात मातीचं कुंडं धरून आत आली, आणि त्या कुंड्यात गव्हाचे वीतभर जवारे होते. पोपटी, दाट, लिफ्टच्या पंख्याखाली डुलणारे. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि गुजरातीत विचारलं, "मासी, तुम्ही लहान होता तेव्हा मोळाकत केलं होतं?"

"केलं होतं की. चार वर्षं."

"चार नाही, पाच करायचं असतं."

"हो गं. पाचव्या वर्षी आमच्याकडे पाहुणे आले होते."

पंचावन्न वर्षांची बाई सात वर्षांच्या पोरीशी खोटं बोलली. जिया तिसऱ्या मजल्यावर उतरून गेली आणि मी पाचव्यापर्यंत एकटी, कपाळावरचा घाम पुसत. पाहुणे कुठले! आमच्याकडे पाचव्या वर्षी कोणीही आलं नव्हतं.

हे मोळाकत म्हणजे गौरीव्रत. आषाढातल्या एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत गुजरातेतल्या लहान मुली मीठ खात नाहीत. जवारे पेरायचे, रोज सकाळी नटूनथटून ते देवळात न्यायचे, पूजा करायची आणि पाच दिवस अळणी जेवायचं. असं पाच वर्षं केलं की चांगला नवरा मिळतो. आता मी बडोद्याच्या समा भागातल्या या सोसायटीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या एका पिशवीवर दीड दिवस काढत राहते, यावरून माझ्या व्रताचा निकाल वाचकांच्या लक्षात आला असेलच.

खरं तर हे व्रत आमच्यातलं नाहीच. आमचे आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, आणि हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं सगळ्यात पडायचं. वडील शाळामास्तर. आम्ही तेव्हा जुन्या शहरातल्या घडियाळी पोळमध्ये, म्हणजे तिथल्या गल्लीत, भाड्यानं राहायचो, खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण भावना. तिनं आठव्या वर्षी व्रत धरलं आणि मी खिडकीतून बघत राहिले. तिला नवा फ्रॉक, कोपरापर्यंत मेंदी, दुपारी वाटीभर काजू-मनुका, आणि त्या पाच दिवसांत कोणी तिला रागवायचं नाही, कारण ती म्हणे साक्षात गोरमा, गौरीदेवी. मी दोन दिवस जेवले नाही. भावनाला न जेवता काजू मिळतात आणि मला जेवूनही मिळत नाहीत, हा अन्याय मला सहन होईना.

"आपल्यात नाही गं हे," बाबा म्हणाले.

"आपल्यात काय आणि त्यांच्यात काय," आई म्हणाली, "देवी काय जात विचारून नवरा देते?"

आणि ती खाली जाऊन भावनाच्या बाकडून, म्हणजे तिच्या आईकडून, सगळं शिकून आली. जवारे कुठल्या दिवशी पेरायचे, कापसाच्या माळेला कुंकवाच्या गाठी कशा मारायच्या, काय चालतं, काय नाही. आई कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही. माझ्या पाच दिवसांसाठी ती वेगळी कढई, वेगळं उलथनं, वेगळी कणीक ठेवायची. गूळतूपपोळी, शिरा, शिकरण, तांदळाची खीर, अळणी बटाट्याच्या काचऱ्या. मी मधोमध पाटावर बसून हे सगळं हाणत असे आणि नंदू, माझा धाकटा भाऊ, भिंतीला टेकून बघत असे.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. पहिल्याच वर्षी, तिसऱ्या दिवशी, देवळात ठेवायला आईनं दिलेलं नाणं मी गोरमाला दिलं नाही. देवळाबाहेर एकजण खारी शिंग विकायचा. वाळूत भाजलेले, मिठाचा पांढरा थर चढलेले गरम शेंगदाणे. मी ते नाणं त्याला दिलं, पुडी फ्रॉकच्या खिशात घातली आणि देवळामागच्या पिंपळाखाली उभी राहून एकेक दाणा चघळून, मीठ पार चोखून खाल्ला. तीन दिवस अळणी जेवल्यावर मीठ कसं लागतं ते ज्यानं खाल्लंय त्यालाच कळेल. पुढच्या वर्षी मी एवढी वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी खाल्ले.

म्हणजे माझं व्रत पहिल्या वर्षापासूनच मोडलेलं होतं. हे मला ठाऊक होतं, पिंपळाला ठाऊक होतं, आणि देवी असलीच तर तिला.

चौथं वर्ष. आषाढी एकादशी म्हणजे या व्रताचा पहिला दिवस आणि आमच्या मराठी घरातला मोठा उपास. सगळ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी. आई दरवर्षी भिजलेल्या साबुदाण्यातून माझा वाटा आधी बाजूला काढायची आणि मग उरलेल्यात मीठ, साखर, दाण्याचं कूट कालवायची. त्या वर्षी बाबांना लवकर जायचं होतं, नंदूला ताप होता, स्टोव्ह भडकत होता. हाताला जी वर्षानुवर्षांची सवय, तिनं सबंध परातीत मीठ टाकलं. मी दोन वाढण्या खाल्ल्या. मला कळलं का? पहिल्याच घासाला कळलं. वाटलं, यंदा देवीनं स्वतःच सोय केली.

आई सगळ्यांत शेवटी जेवायला बसली. पहिला घास तोंडात गेला आणि तिचा हात तिथेच थांबला. मी समोर बसून केळं सोलत होते. तिनं माझ्या रिकाम्या ताटलीकडे पाहिलं.

"विजू, तू खाल्लीस?"

मी मान डोलावली.

"अगं, मीठ पडलं गं माझ्या हातून."

आणि आई रडली. आई रडते हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मी केळं अर्धवट सोललेलं हातात धरून बसून राहिले. त्या क्षणी मला फक्त म्हणायचं होतं की आई, रडू नको, ते केव्हाच मोडलंय. पण म्हटलं तर पाठीत धपाटा नक्की होता. अकरा वर्षांच्या मुलीला आईच्या रडण्यापेक्षा धपाटा जास्त जवळचा वाटतो. मी केळं खाल्लं.

दुपारी भावनाच्या बाचा निकाल आला. व्रत मोडलं, आता पुन्हा पहिल्यापासून पाच वर्षं. मी साफ नाही म्हटलं. सोळाव्या वर्षापर्यंत कुंडं घेऊन कोण फिरणार? मेंदीची हौस फिटली होती, काजूंचंही आता तेवढं अप्रूप राहिलं नव्हतं. तेव्हा आई म्हणाली, "असू दे. मोडलं माझ्या हातून, तर भरूनही मीच काढीन. विजूचं लग्न होईपर्यंत हे पाच दिवस मी मीठ खाणार नाही."

होईपर्यंत. या एका शब्दानं आईला कुठवर नेलं ते बघा. ती आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे.

---

लग्न का झालं नाही याचं एखादं बरं कारण माझ्याजवळ असतं तर कधीकधी बरं झालं असतं. हळदीकुंकवाला बायका विचारतात, तेव्हा एखादा प्रेमभंग, निदान पत्रिकेतला कडक मंगळ, असं काहीतरी हातावर ठेवता आलं असतं. माझ्याजवळ काहीच नाही. एका मुलानं विचारलं, बडोद्याचे लोक घरात गुजराती बोलतात का? मी उत्तर गुजरातीत दिलं. इंदूरचा एक खरंच चांगला होता, पण तो पुन्हा भेटायला येणार म्हटल्यावर मी अर्ध्या जेवणावरून उठले, आणि तो न आल्यावर मी दोन वाट्या आमरस जास्त खाल्ला. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायचे, ओरडणाऱ्या पोरांना गप्प करायचं, उन्हाळ्यात जुन्या अंकांची बांधणी करून घ्यायची. मला ते आवडायचं. घरी येऊन कोणाला काही सांगावं लागत नाही, हेही आवडायचं. तेव्हा आवडायचं.

मी एकोणतीस वर्षांची असताना आईनं बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरचं स्थळ आणलं. माणूस भला, घरचे भले, मी पाहून आले, काही खोट काढता येईना. आई रोज विचारायची. सकाळी चहाला, संध्याकाळी भाजी निवडताना. एक दिवस मी चप्पल घालत होते आणि ती दारात उभी राहून म्हणाली, "त्यांना काय कळवू?"

आणि मी म्हणाले, "तूच तर मीठ घातलंस ना? मग आता कशाला शोधतेस?"

चप्पल घातली आणि नोकरीवर गेले. त्या दिवशी ग्रंथालयात काय केलं ते आठवत नाही. संध्याकाळी परत आले तर आईनं वरणभात वाढला. स्थळाचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्यानं नाही, त्यानंतर कधीच नाही. कोणी नातेवाईक काढायला लागले तर आईच बोलणं दुसरीकडे वळवायची. लोकांना वाटलं, काय समंजस आई आहे. मीही म्हणायचे, आमची आई त्या बाबतीत फार पुढारलेली.

ते वाक्य रागात निसटलं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं असतं. निसटलं नव्हतं. जिन्यावरून उतरतानाच मला कळलं होतं की हे लागू पडणार.

---

बाबा गेले, नंदूचं लग्न झालं. हेतल गुजराती, फार गोड मुलगी, मराठी अशी बोलते की आमच्यापेक्षा जास्त मराठी वाटावी. पोळमधलं घर सुटलं. आई नंदूकडे राहायला गेली आणि मी समाला हा फ्लॅट घेतला. "ताई, आमच्याबरोबर राहा ना," असं हेतलनं तीनदा म्हटलं. मी तिन्ही वेळा म्हटलं, "अगं मी मजेत आहे." मी मजेत आहे, हे माझं आयुष्यातलं सर्वांत जास्त वेळा बोललेलं वाक्य असावं.

मजेत असतेही. एकटीनं राहायचं एक तंत्र असतं आणि ते मला जमलंय असं मी समजते. सर्वांत लहान कुकर. एकदा वरण केलं की दोन दिवस. रेडिओ लावून ठेवायचा, म्हणजे घरात कोणीतरी चुकीचं का होईना बोलत असतं. मिक्सरला मी "जरा हळू" असं म्हणते. कॉलेजच्या पोरी येतात, मासिकं मागतात, एखादी टेबलापाशी रेंगाळून आपलं काही सांगते, आणि मी घरी येताना ते जपून आणते, कारण रात्रीच्या जेवणाला पुरतं. सुट्टीच्या दिवशी मात्र दुपारी तीनच्या सुमारास फ्लॅटमध्ये असं काही शांत होतं की मी उगीच जाऊन दाराची कडी बघून येते. लागलेली असते. कोण उघडणार?

आणि आषाढ. आई नंदूकडे गेली तेव्हापासून दरवर्षी दशमीला संध्याकाळी नंदूची गाडी खाली उभी राहते आणि आई पिशवी घेऊन वर येते. नंदूच्या घरी अळणी जेवण म्हणजे रोज हेतलचे प्रश्न, नंदूची कटकट. म्हणून ते पाच दिवस माझ्याकडे. तिचं व्रत म्हणजे ना पूजा, ना जवारे. सकाळी एक दिवा आणि दिवसभर मीठ नाही. पण त्या पाच दिवसांत माझ्या घरात भांड्यांचा आवाज होतो. मी घंटी वाजवते आणि आतून कोणीतरी "आले गं" म्हणतं. स्वतःच्याच घराची घंटी वाजवण्याची चैन! किल्ली पर्समध्ये असताना मी वाजवते.

मीसुद्धा तिच्याबरोबर अळणी जेवते. म्हणजे रात्री. दुपारी कॅन्टीनमध्ये बटाटावडे खाऊन येते. माझं व्रत लहानपणापासून असंच आहे.

तेव्हा आता माझा गुन्हा नीट मांडते. पहिली काही वर्षं मी आईला खरं सांगितलं नाही ते धपाट्याच्या भीतीनं. पुढची बरीच वर्षं सांगितलं नाही, कारण तिचा अपराधी चेहरा माझ्या उपयोगाचा होता. आणि अलीकडची वर्षं? सांगितलं असतं तर आई आषाढात माझ्याकडे कशाला आली असती?

---

गेल्या वर्षी चौथ्या दिवशी सकाळी आईनं मला "कुसुम" अशी हाक मारली. कुसुम म्हणजे माझी मावशी, ती जाऊन नऊ वर्षं झाली. मी म्हटलं, "आई, मी विजू." ती म्हणाली, "हो, पण कुसुम, बैलगाडी आली का?" आणि उठताना तिचा तोल गेला.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं रिपोर्ट पाहिला. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. रक्तदाबाच्या गोळीनं ते आधीच कमी होत होतं, त्यात हे. त्यानं मला विचारलं, "बा मीठ खात नाहीत का?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. हेतल म्हणाली, "खातात की, आमच्याकडे बरोबर खातात." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमच्याकडे...?"  नंदू नुसता बघत होता, लहानपणी भिंतीला टेकून बघायचा तसा.

तीन दिवस सलाइन. आई बरी झाली, बैलगाडी परत गेली. डॉक्टरनं बजावलं की यांचं मीठ एक दिवसही चुकता कामा नये.

यंदा दशमीच्या आदल्या दिवशी नंदूचा फोन. "ताई, आईनं पिशवी भरलीय. मी नाही म्हटलं तर कालपासून दुधावर आहे. तूच समजाव. तुझं ऐकते ती."

माझं ऐकते. तेच तर.

"पाठव," मी म्हटलं.

"पण मीठ..."

"मी बघते. पाठव तू."

एकादशीला सकाळी मी साबुदाणा परातीत घेतला. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. एकाएकी म्हणाली, "माझा वाटा आधी काढ हो."

मी मिठाचा डबा उघडला आणि सबंध परातीत मीठ टाकलं. ती खुर्चीवरून अर्धी उठली.

"विजू! काय केलंस?"

"बस, आई. मला तुला एक सांगायचंय." आणि परातीतला हात न काढता मी सांगितलं. नाणं, खारी शिंग, पिंपळ, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, सगळं. "तुझ्या हातून काहीच मोडलं नव्हतं. ते आधीच मोडलेलं होतं. तू रडलीस तेव्हा मला ठाऊक होतं."

आई हळूहळू खुर्चीत परत बसली. मग म्हणाली, "देवीला द्यायचं नाणं दिलंस तू त्याला?"

"हो."

"आणि मी त्या दिवशी स्टोव्हला दोष देत बसले."

मला वाटलं होतं ती सुटेल. खांदे सैल होतील, निदान मला चार शिव्या देईल. गेलं वर्षभर मी त्या शिव्यांची तयारी करून बसले होते. पण आईचा चेहरा लहान लहान होत गेला. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "मग मी एवढी वर्षं कोणासाठी जेवले अशी?"

मी साबुदाणा कालवत राहिले.

"तुझ्यासाठी मला दुसरं काही करता येत नव्हतं, विजू. नंदूचं सगळं करता आलं. त्याची बायको, त्याची पोरं. तुझं काय करू? तू काही मागत नाहीस, काही सांगत नाहीस. फोन केला की मजेत. एवढं एक होतं माझ्या हातात."

हे मला सुचलंच नव्हतं. चाळीसपेक्षा जास्त वर्षं मी स्वतःला या गोष्टीतली गुन्हेगार समजत आले आणि तरी समजत होते की तिच्या डोक्यावरून एक ओझं उतरवतेय. ते ओझं नव्हतंच म्हणावं, तर होतं. पण ती त्याला धरून उभी होती. आणि मी ते काढून घेतलं, सकाळी साडेनऊला, साबुदाण्यात हात घालून.

"आणि ते दुसरं," मी म्हटलं, "सावलीच्या स्थळाच्या वेळी मी जे बोलले..."

"ते राहू दे."

"नाही, आई, ते मी..."

"मला पाठ आहे ते," ती म्हणाली. "राहू दे."

खिचडी केली. तिनं खाल्ली, डॉक्टरच्या औषधासारखी, सगळी. मग ताटली धुऊन पालथी घातली आणि म्हणाली, "नंदूला फोन कर. येऊन घेऊन जा म्हणावं."

"का?"

"आता इथे राहून काय करू मी?"

मी कट्टा पुसत होते. पुसून झाला होता, तरी पुसत होते. तोंडात नेहमीचं वाक्य आलं होतं, ठीक आहे, सांगते नंदूला, मी मजेत आहे. ते मी गिळलं.

"राहा ना," मी म्हटलं. "मला एकटीला करमत नाही."

माझा आवाज मलाच ओळखता आला नाही. आईनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय तिला काही दिसत नाही, तरी.

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मग बोलायचं नाही का, बाई?"

"बोलले असते तर तू परत स्थळं आणली असतीस."

"हो, आणली असती," आई म्हणाली, अजिबात न हसता. "अजून आणीन."

---

ती राहिली. पण ते नेहमीचे पाच दिवस नव्हते. सकाळी दिवा लावायला तिचा हात पुढे जाई आणि थांबे. जेवायला बसली की मुकाट्यानं वाढलेलं सगळं खाई. दुपारी ती बाल्कनीत बसायची आणि हात मांडीवर उताणे पडलेले असायचे. मी नोकरीवर जाताना मागे वळून ते हात बघत होते. कुठल्या नजरेनं बघावं ते कळत नव्हतं. दिवसातून दोनदा तरी वाटायचं, जाऊन सांगावं की आई, मी खोटं बोलले, ती शिंग भावनानं खाल्ली होती. खोटं बोलायची एवढी सवय, पण आता तेही जमेना.

चौथ्या दिवशी म्हणाली, "काहीतरी निवडायला दे गं. हात रिकामे आहेत."

माझ्या घरात निवडण्यासारखं काय असणार! डाळ निवडलेली येते, भाजी पाव किलो, ती गॅसपाशी उभ्या उभ्या चिरून होते. मी खाली उतरले आणि भाजीच्या लारीवरून, हातगाडीवरून, एक किलो गवार घेतली. लारीवाल्यानं दोनदा विचारलं, "मासी, एक किलो?" बरोबर आहे, तो मला ओळखतो.

आईनं पेपरवर गवारीचा ढीग पाहिला. "एवढी कोण खाणार?"

"तू असलीस तर संपेल."

तिनं पेपर जवळ ओढला. एक शेंग उचलली, दोन्ही टोकं मोडली, शीर काढली, दोन तुकडे केले. मी समोर बसले. जरा वेळानं, शेंगेवरून नजर न उचलता तिनं विचारलं, "तो इंदूरचा मुलगा. वाईट नव्हता गं."

"नव्हता."

"आणि सावलीचा?"

"तोही नव्हता."

"मग?"

या प्रश्नाला मी आजवर किती उत्तरं दिली असतील. नोकरी, बाबांचं दुखणं, पत्रिका, आणि एकदा ते मीठ.

"मला नको होतं, आई," मी म्हटलं. "दुसरं काही कारण नव्हतं. तुझ्यामुळे नाही, कोणामुळेच नाही. नको होतं. आणि आता कधी कधी फार एकटं वाटतं. दोन्ही खरं आहे."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं ती रडेल. तशी ती रडलेली एकदाच पाहिली होती मी, आणि तेव्हा मी केळं खात होते. या वेळी मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही, तिच्याकडेच बघत राहिले. ती रडली नाही. म्हणाली, "हे मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी चार दिवस रागावले असते फक्त."

"हो."

"चार दिवस."

"हो, आई."

पौर्णिमेला नंदू आला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. आई अजून गवार निवडत होती, सकाळी मी आणखी आणली होती. "चल, आई," तो म्हणाला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज नाही. अजून विचारायचंय मला बरंच, विजूला."

नंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी सरकून त्याला बसायला जागा केली आणि त्याच्याही पुढ्यात थोड्या शेंगा ओतल्या.